रंभाकाकीच्या चुलीचा धूर

झारसुगुडा
ता. ११ डिसेंबर १९७८

श्यामराव वकील साहेब,

नमस्कार लिहीत नाही.

तुमचं कार्ड भेटलं. माझा पत्ता लाखांदूरच्या देवकाबाईनं देला असन, माझ्या मोठ्या बहिणीनं. तिले सांगतलं होतं का कोणाले देऊ नोको. आम्ही रेल्वेचे पूल रंगवतो. एक पूल झाला का टोळी पुढच्या पुलावर जाते. तुमचं कार्ड तीन पूल मागून फिरत फिरत आलं. नसतं आलं तरी चाललं असतं.

तुम्ही लिहिता का तुम्ही माझ्या बापाचे, मारोतरावचे, वकील आहा, न मी साक्षीले यावं. मी येत नाही. माझ्या बापानं रंभाकाकीले फावड्यानं मारलं. भर दुपारी, तिच्या दारात, साऱ्या गावासमोर. जमादाराले त्यानं सोता सांगतलं, मी मारलं, एकट्यानं मारलं. अजून काय पाहिजे तुम्हाले? पन्नाशीची बाई, तलावाच्या पाळीखाली एकटी राहे. गाव म्हणे तिनं करणी केली, लेकरं खाल्ली. ती माझी सख्खी काकी नव्हती, पण माय मेल्यावर माझ्या डोक्याले तेल तिनंच लावलं.

देवकाबाईनं कळवलं का तुम्ही जेलात बापाले पहिल्यांदा भेटले तवा सगळ्यात आधी "जेवले काय?" असं विचारलं. ते वाचून मी तिची चिठ्ठी फाडली. ज्यानं एका बाईचं डोस्कं फोडलं त्याले जेवले काय म्हणता? न मंग घरी जाऊन तुमच्या सोताच्या गळ्याखाली घास कसा उतरते? मी चवथी पास माणूस. असल्याले वाचवाले शिकलेला माणूस काळा कोट घालून कसा उभा राहते, ते मले समजत नाही.

मी त्या दिवशी गावात नव्हतो. अड्याळच्या बाजारात होतो. म्हणून माझ्या साक्षीचा काही उपयोग नाही. परत लिहू नका.

तेजराम मारोतराव


राउरकेला
ता. ३ जानेवारी १९७९

वकील साहेब,

लिहू नका म्हटलं तरी लिहिलं. आमचा मुकादम धनीराम विचारते, "तेरे को कोर्ट-कचेरी की चिट्ठी कैसे आती है बे? भागा हुआ है क्या?" मी म्हटलं, वकील माझे मामा आहेत. तवापासून तुम्ही टोळीत मामा झाले. पोट्टे तुमच्या नावानं बिड्या मागून राहिले.

तुम्ही लिहिलं का अड्याळचा बाजार त्या वारी भरतच नाही. म्हणजे तुम्ही चिठ्ठीतही उलटतपासणी करता. बरं. मी गावात होतो. पण लांब होतो, पाळीवर. दिसलं, ऐकू आलं नाही.

माझ्या सवालाचा जवाब तुम्ही असा देला, जसाच्या तसा उतरतो: "न्यायाधीशांनी विचारले, या आरोपीला वकील नाही, कोण उभे राहील? सगळे वकील खाली मान घालून फायली चाळू लागले. माझी फाईल घरी राहिली होती. चाळायला काही नव्हते, म्हणून मी उभा राहिलो." हे वाचून मले हसू आलं. मंग राग आला. खाली लिहिलं होतं, "तुझ्या वडिलांनी मारले की नाही हे ठरवणारा मी नव्हे. सरकारने जे लिहून आणले आहे ते खरे आहे काय, हे एकेक करून विचारणे एवढेच माझे काम. कोणीतरी विचारले पाहिजे."

काय विचारसान? त्यानं मारलं. तुम्हीच लिहिता का तुमच्या दारावर कोणी तरी शेण फेकून गेलं, न घरच्या बाई त्या दिवसापासून या केसचं नाव काढू देत नाहीत. मंग सोडून द्या न. तुम्हाले कोणी बांधलं?

गाव बांधणं म्हणजे काय ते तुम्ही विचारलं. तुम्ही भंडाऱ्याचे, तुम्हाले माहीत नसन. धानाच्या रोवण्याच्या आधी एका मंगळवारी आमचं गाव बांधतेत. भगत चारही शिवेवर खुट्या ठोकते. त्या दिवशी कोणी गावाबाहेर जात नाही, बाहेरचं कोणी आत येत नाही, नांगर चालत नाही, न कोणाच्याच घरी चूल पेटत नाही. आदल्या दिवशीचं शिळं खातेत. धूर निघाला का गाव उघडं पडते न दुखणं आत शिरते, असं म्हणतेत.

त्या मंगळवारी रंभाकाकीच्या छपराच्या कवेलूतून धूर निघाला. पहिल्यांदा माझ्या बापानंच पाहिला. तो तलावाचा पाणकर. कोणाच्या धानाच्या बांधीत कवा पाणी सोडायचं ते त्याच्याकडे, म्हणून दिवसभर पाळीवर राहे. त्यानं टेकचंदले, म्हणजे आमच्या पोलीस पाटलाले, सांगतलं. तवा कोणी काही केलं नाही. मंग नऊ दिवसांत हगवण-ओकारीनं तीन लेकरं गेली. तिसरी आमची लीला, सगळ्यात लहान बहीण. सात वर्षांची. ती सकाळी गेली, दुपारी काकी गेली.

झालं. याच्यात वकिलाचं काय काम आहे ते तुम्हीच सांगा.

तेजराम


चक्रधरपूर
ता. २१ जानेवारी १९७९

वकील साहेब,

सरकारी वकिलाचं म्हणणं तुम्ही उतरून पाठवलं ते दोनदा वाचलं. त्याच्यात असं आहे का माझ्या बापानं आधीच ठरवलं, हातात फावडं घेऊन काकीच्या दारात गेला, गोड आवाजानं तिले बाहेर बोलावलं, न ती बाहेर येताच मारलं. न तुम्ही खाली लिहिलं का हे असंच राहिलं तर फाशी होऊ शकते.

फाशी कशी होईन? त्यानं तर कबूल केलं न!

तुम्हाले आमच्याकडची रीत माहीत नाही. कोणाची चूक झाली तर पंच बसतेत. ज्यानं कबूल केलं, गावासमोर डोकं खाली केलं, त्याले दंड होते, गावाले जेवण द्या लागते, न विषय तिथंच मिटते. पुढं त्याले कोणी टोमणाही मारत नाही. नाकबूल करते त्यालेच वाळीत टाकतेत. जमादार आला तवा टेकचंदनं साऱ्यायले चावडीत बसवलं न म्हणे, "तीस जणायले बांधून नेतीन तर रोवणा कोण करन? एकानं सारं आपल्यावर घ्या." कोणी उठलं नाही. सारे आपापल्या पायाच्या बोटायकडे पाहून राहिले. माझा बाप उठला. "मी घेतो," म्हणे. त्याले वाटलं कबूल केलं का झालं. कोर्टाले तो मोठी पंचायत समजला, वकील साहेब. तुम्ही त्याले सांगतलं नाही काय, का ही पंचायत नाही?

फावड्याचं सांगतो. लहान लेकरू आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतेत. लीलाचा खड्डा बापानं सोता खणला, तलावाच्या पलीकडच्या अंगाले, मोहाच्या झाडाखाली. दुसऱ्या कोणाले हात लावू देला नाही. तिथून तो पाळीवरून परत येऊन राहिला होता. फावडं खांद्यावर. त्याच्या पात्याले ओली माती होती. मारासाठी आणलेलं नव्हतं ते. तो काकीच्या दारापाशी पोचला तवा काकी आधीच खाली पडली होती न लोक तिले मारून राहिले होते. त्यानंही मारलं. नाही मारलं असं मी म्हणत नाही. पण सगळ्यात शेवटी मारलं.

हे तुम्ही गावच्या कोणाले विचारा. सारे होते तिथं. तिले आवाज कोणी देला ते मले माहीत नाही.

तेजराम


चक्रधरपूर
ता. १४ फेब्रुवारी १९७९

वकील साहेब,

तुम्ही लिहिलं, "पाळीवरून फावड्याच्या पात्यावरची ओली माती दिसत नाही, तेजराम. मी स्वतः तिथे उभा राहून पाहिले."

तुम्ही आमच्या गावात गेले? कोणी पाणी तरी विचारलं काय? नसन विचारलं. टेकचंदनं कुत्रं सोडलं असन. न तीस घरं फिरून तुम्हाले एक माणूस भेटला नाही, जो म्हणन का मी तिथं होतो. सारे म्हणतेत आम्ही रोवण्यात होतो. असंच होईन ते मले आधीच समजाले पाहिजे होतं.

आवाज मी देला.

काकीनं आतून दाराले अडसर लावला होता. टेकचंद म्हणे, "तेज्या, तू बोलाव. तुह्या आवाजानं उघडते ते." मी म्हटलं, "काकी, दार उघड, मी तेजा." दोनदा म्हटलं.

तिनं अडसर काढला. हाताले तांदळाचा कोंडा लागला होता, कांडून राहिली असन. माझ्या मागं तीस माणसं उभी होती, तरी ती माझ्याशीच बोलली. "लीलाले नेलं काय रे?" म्हणे.

मंग कोणी तरी तिचा हात ओढला.

माझा बाप त्या वेळी मोहाखाली होता. तिले त्यानं बोलावलं नाही. जमादार त्याले घेऊन जाऊन राहिला तवा तो माझ्यापाशी थांबला. त्याले कोणी तरी सांगतलं असन का आवाज कोणाचा होता. एवढंच म्हणे, "देवकाकडे जाय. तिथूनही पुढं जाय. परत येऊ नोको." तो चावडीत काहून उठला ते आता तुम्हाले समजलं असन. मले त्याच दिवशी समजलं होतं.

आज पुलाच्या खालच्या अंगाले जंग खरडत होतो, फळीवर लटकून. वरून मालगाडी गेली तर सारा पूल हालला, न माझ्या हातातलं खरडणं नदीत पडलं. धनीरामनं माय-बहीण काढली. मी खालच्या पाण्याकडंच पाहून राहिलो तर म्हणे, "क्या हुआ रे? मामा मर गया क्या?"

तेजराम


खरगपूरच्या अलीकडे
ता. ९ मार्च १९७९

वकील साहेब,

तुमची चिठ्ठी खिशात घेऊन फिरून राहिलो. "यापुढे मला एक अक्षरही लिहू नकोस. मी तुझा वकील नाही, तुझ्या वडिलांचा आहे. तू जे लिहितोस ते त्यांच्या कामाचे असेल तर मी वापरीन, त्यात तू अडकलास तरी वापरीन. आधी दुसऱ्या वकिलाला भेट, त्याला सारे सांग, आणि मग साक्षीला यायचे की नाही ते ठरव." असं आपल्याच साक्षीदाराले भेव दाखवणारा वकील मी पाहिला नाही. तसा एकही पाहिला नव्हता म्हणा.

तरी लिहितो. अजून एक गोष्ट राहिली आहे.

गाव बांधाच्या दोन दिवस आधी माझं न बापाचं वाजलं होतं. मी कामावर टिकत नाही, पळून जातो, हेच नेहमीचं. मी निघून गेलो. दोन दिवस इकडंतिकडं फिरलो, काही खाल्लं नाही, अंग तापलं. मंगळवारी दुपारी परत आलो. त्या दिवशी आत यायचं नसते, म्हणून पाळीच्या खालून, झुडपातून आलो. पहिलं घर काकीचं. तिनं मागच्या दारातून पाहिलं.

"जेवला काय रे?" म्हणे.

मी म्हटलं, "नाही."

"शिळं संपलं माझं," म्हणे. "संध्याकाळ होऊ दे, मंग काही करते."

मी भिंतीले टेकून बसलो. तिनं माझ्या कपाळाले हात लावला. मंग उठली न चार काटक्या चुलीत घातल्या. लहानच जाळ केला. पेज केली, मीठ घालून. मी तीन वाट्या प्यालो. ती म्हणे, "तुह्या बाले सांगू नोको. तो नेमाचा माणूस आहे."

तो धूर माझा होता, वकील साहेब. माझा बाप पाळीवरून ज्या धुराकडं पाहत होता, त्याच्या खाली मी पेज पिऊन राहिलो होतो.

न बाहेरून अंग तापवून मीच गावात आलो होतो. दुखणं माझ्यासंगंच आलं काय, ते डॉक्टराले माहीत. मी जगलो. नऊ दिवस मी हे कोणाले सांगतलं नाही. तिसऱ्या लेकराच्या दिवशी गाव काकीच्या दाराकडं निघालं तवा मी साऱ्यायच्या पुढं होतो. भेव लागला होता का कोणी विचारन, तेज्या, तू त्या दिवशी कुठं होता? पुढं चालणाऱ्याले कोणी विचारत नाही. आपल्या बहिणीच्या मातीले गेलो नाही, तिथं गेलो.

तुमच्या दाराले शेण फेकणारे लोक विचारतेत न, का तुम्ही खुन्यासाठी काहून उभे राहता. मीही तेच विचारलं होतं. आता फळीवर लटकलो का मले दुसरंच दिसते. तीस जण होते दारात. साऱ्यायले माहीत होतं का हिनंच केलं. एकानं तरी विचारलं काय, "रंभाबाई, धूर कायचा होता?" बस, एवढंच. विचारलं असतं तर तिनं माझं नाव घेतलं असतं काय? मले वाटते नसतं घेतलं. पण विचाराले पाहिजे होतं. तुमच्यासारखा एखादा, फाईल घरी विसरून आलेला, तिथं पाहिजे होता. तिच्यासाठी कोणी उभं राहिलं नाही न माझ्या बापासाठी तुम्ही उभे आहा, याचा मले अजूनही राग येते. पण त्यालेही न विचारता टांगलं तर ते दारातलंच झालं पुन्हा. फक्त माणसं शिकलेली.

१७ एप्रिलच्या तारखेले येतो. आवाजाचं विचारा, फावड्याचं विचारा. धुराचं बापासमोर विचारू नका. बापाले फाशीतून काढाले त्याचा काही उपयोग नाही. दुसऱ्या वकिलाले भेटलो नाही. इकडं मले कोण ओळखते?

तेजराम


भंडारा, जेल
ता. ३ जुलै १९७९

वकील साहेब,

आज मंगळवार. गावात आज खुट्या ठोकल्या असतीन. इथं चूल पेटली, धूर खिडकीतून दिसते.

कोर्टात तुमचं माझं दोन शब्दही बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो. तुम्ही शब्द पाळला. आवाज कोणाचा, फावडं कुठून आलं, कोण आधी, कोण मागून, एकेक विचारलं न बसले. सरकारी वकिलानं मले खोटारडा म्हटलं, बापाले वाचवाले आला म्हटलं. तेही झालं. जज साहेब म्हणाले, जा. मी पिंजऱ्यातून उतरलो नाही. तुम्ही फाईलीतून मान वर केली न मले हातानं नोको म्हटलं, ते मी पाहिलं.

मले कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सोताच सांगतलं. जज साहेबायनं मले थांबवून समजावलं का तुझ्यावर येईल असं बोलण्याची जबरदस्ती नाही. मी म्हटलं, साहेब, तो धूर माझ्या पेजीचा होता.

देवकाबाई म्हणते, बापानं जेलात गेल्यापासून मान वर केली नव्हती. तवा केली.

जन्मठेप झाली, फाशी नाही. देवकाबाई तुमच्या पाया पडाले आली होती म्हणे, न तुम्ही रागावले. बाप अपील करू देत नाही. साक्षीनंतर मलेही धरलं, मी त्याच जेलात आहो हे त्याले माहीत आहे. पहिल्या आठवड्यात आंगणात समोर आला. माझ्या पायाकडं पाहून म्हणे, "तवाच काहून नाही सांगतलं?"

मी म्हटलं, "भेव लागला, बा."

मंग गेला. तवापासून बोलला नाही. शिपाई सांगतेत का तो गरम काही खात नाही. ताट समोर ठेवून थंड होऊ देते, मंग खाते.

आता माझी केस. टेकचंद, दुसरे सहा जण, न मी. टेकचंदनं नागपूरचा मोठा वकील केला. ते लोक म्हणणार आहेत का सारं तेज्यानंच घडवलं, त्यानंच तिले ठरवून फसवलं, आम्ही तर सोडवाले गेलो होतो. कोर्टानं मले विचारलं, वकील देऊ काय? मी नोको म्हणणार होतो. मी काय केलं ते मले माहीत आहे. सुटाले पाहिजे असं मले वाटत नाही. पण जे मी केलं नाही तेही माझ्या नावावर लिहिलं जाईन, न साऱ्यायले ते पटन. दारात पटलं तसंच.

तुम्ही म्हटलं होतं, बापाची केस चालू आहे तवर मी तुझा वकील नाही. आता ती संपली. या चिठ्ठीसंगं वकालतनामा पाठवला आहे. सही केली. तुमच्या घरच्या बाई पुन्हा अबोला धरतीन, दारावर पुन्हा शेण येईन, त्याची माफी आधीच मागतो. पहिल्या चिठ्ठीत मी जे विचारलं होतं ते जमलं तर विसरून जा.

भेटाले या. साऱ्या गोष्टी विचारा, मी एकही लपवणार नाही. फक्त आल्याबरोबर मले "जेवला काय?" असं विचारू नका.

नमस्कार.

तेजराम